म्हापशाचा शुक्रवारचा बाजार: लग्नघराच्या पिशवीतून

बहिणीचं लग्न वैशाखात. दिवाळी सरली तशी आईने जाहीर केलं, घरचं सामान आता गोव्यातल्या म्हापशालाच, शुक्रवारीच. डिचोलीहून कदंबाची, म्हणजे गोव्याची सरकारी, बस धरून आठच्या आत पोचतो. दहानंतर गर्दीत घासाघीस करायला कोणाला वेळ नसतो.

नारळ इथेच घ्यावेत. आई एकेक कानाशी धरून हलवते. पाणी वाजलं नाही की बाजूला. पन्नास घेतले तर विकणाऱ्या बाईने दोन वर घातले. आईने तेही हलवले! बाई हसली, पण त्यातला एक बदलून दिला.

सुकी मिरची आणि सोलं (कोकमं) आत्ता घेऊ नका, एप्रिल-मेमध्ये नवा माल येतो. तांदूळ-डाळीला आमचा गावचा दुकानदार बरा, उधारीही चालते.

भांड्यांच्या एका दुकानात मात्र फसलो. मी बोलून गेलो, "लग्नाचं आहे हो," आणि पातेल्याचा भाव तिथल्या तिथे चढला. घरी येऊन बघतो तर झाकण डुगडुगतंय. तेव्हापासून आई मला पिशव्या धरायलाच नेते, तोंड उघडायला नाही.