युरोपात जैवआधारित कारखाना उभारताना: सीबीई, ईआयसी, इनोव्हेशन फंड की ईसीबीएफ?

जैवआधारित, म्हणजे पिकं, काड, लाकूड अशा कच्च्या मालावर चालणाऱ्या उद्योगांसाठी असलेल्या, ब्रसेल्सच्या 'सर्क्युलर बायो-बेस्ड युरोप' म्हणजे सीबीई या सार्वजनिक-खासगी भागीदारीचा आकडा सगळीकडे २०० कोटी युरो असा छापला जातो. अर्ज करणाऱ्यानं तो वाचतानाच निम्मा करावा. त्यातले जास्तीत जास्त १०० कोटी युरोपीय महासंघ 'होरायझन युरोप' या आपल्या संशोधन-निधी कार्यक्रमातून देतो. उरलेले किमान १०० कोटी हे 'बायो-बेस्ड इंडस्ट्रीज कन्सॉर्शियम' अर्थात बीआयसी या उद्योगसंघटनेच्या सभासदांनी घालायचे असतात. हे घालणं म्हणजे प्रामुख्यानं स्वतःच्याच प्रकल्पांत, स्वतःच्या माणसांवर आणि यंत्रांवर केलेला खर्च. तो तुमच्या खात्यात कधीच येत नाही.

आधीच्या पर्वात हीच गोम अंगाशी आली होती. २०१४ साली सुरू झालेल्या बीबीआय या सीबीईच्या पूर्वसुरी भागीदारीची घोषणा ३७० कोटींची होती: ९७.५ कोटी महासंघाचे, बाकी उद्योगांचे. त्यात उद्योगांनी किमान १८.२५ कोटी रोख द्यावेत असं कलम होतं. रोख काही आली नाही. जानेवारी २०१८ मध्ये नियम बदलून प्रकल्पातला खर्चच योगदान म्हणून धरायची सोय करावी लागली आणि महासंघाचा वाटाही पुढे ८३.५ कोटींवर आला. २०२१ च्या नियमावलीनं आलेली सीबीई हा धडा घेऊनच बांधली आहे. त्यामुळे 'उद्योग पैसे देणार आहे' हे वाक्य कुणी ऐकवलं, की कोण, कशावर आणि कुणाच्या वहीत, हे तीन प्रश्न लगेच विचारावेत.

आता पैशाची चार दारं शेजारी ठेवून पाहू: सीबीई, युरोपीय नवोपक्रम परिषदेचा (ईआयसी) ॲक्सिलरेटर, महासंघाचा इनोव्हेशन फंड आणि 'युरोपियन सर्क्युलर बायोइकॉनॉमी फंड' म्हणजे ईसीबीएफ.

| दार | कुणी जायचं | काय मिळतं | मेख |
|---|---|---|---|
| सीबीई | किमान ३ देशांतल्या ३ स्वतंत्र संस्था | अनुदान. पहिल्या व्यापारी कारखान्यात कंपनीला पात्र खर्चाच्या ६० टक्के | यंत्रांचा फक्त घसारा |
| ईआयसी ॲक्सिलरेटर | एकटी छोटी-मध्यम कंपनी | २५ लाखांपर्यंत अनुदान, वर भागभांडवल | मुलाखतीत बहुतेक गळतात |
| इनोव्हेशन फंड | एकटी किंवा अनेक कंपन्या | संबंधित खर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत | मोठा हिस्सा कार्बन-बचतीशी बांधलेला |
| ईसीबीएफ | वाढीच्या टप्प्यातली कंपनी | फक्त भागभांडवल | मालकी वाटली जाते |

(रकमा युरोत.)

एका फर्मेंटरचा हिशोब

टक्केवारीवर भाळू नका. एक यंत्र घ्या आणि त्याचा हिशोब मांडा. समजा, शुगर बीटच्या मळीपासून सेंद्रिय आम्ल बनवायचं आहे आणि त्यासाठी २० लाख युरोचा फर्मेंटर, म्हणजे आंबवण्याची टाकी, लागतो. आयुष्य १० वर्षं. प्रकल्प ४ वर्षांचा, पण परवाने, पाया आणि ऑर्डर यांत दोन वर्षं जातात. म्हणजे प्रकल्पाच्या काळात यंत्र प्रत्यक्ष चालणार दोनच वर्षं.

होरायझनच्या सर्वसाधारण नियमानं त्या दोन वर्षांचा घसारा तेवढा पात्र: ४ लाख. त्यावर अप्रत्यक्ष खर्चापोटी सरसकट २५ टक्के, म्हणजे १ लाख. एकूण ५ लाख, त्याचे ६० टक्के ३ लाख. कागदावर 'साठ टक्के' वाचून आलेल्या माणसाच्या हातात यंत्राच्या किमतीच्या १५ टक्के पडतात. पूर्ण किंमत धरायची मुभा एखाद्या विषयात असते, पण ती त्या वर्षीच्या कार्यक्रमपत्रिकेत स्पष्ट लिहिलेली असेल तरच. ते वाक्य सापडेपर्यंत नाही असंच धरून चाला.

तोच फर्मेंटर इनोव्हेशन फंडाच्या छोट्या प्रकल्पात, म्हणजे एकूण भांडवली खर्च २५ लाख ते २ कोटी असलेल्या गटात बसवला तर? तिथे संबंधित खर्च म्हणजे भांडवली खर्च. ६० टक्क्यांनी १२ लाखांपर्यंत जाता येतं. फरक चौपट आहे.

मग सगळे तिकडेच का जात नाहीत? कारण तिथे मोजमाप टाळलेल्या कार्बनचं आहे. हा फंड युरोपच्या कार्बन परवान्यांच्या लिलावातून भरतो आणि गुण देताना प्रत्येक टन बचतीमागे किती युरो मागता हे पाहतो. समजा, ६० लाखांचं अनुदान मागितलं, वर्षाला २,००० टन माल, टनामागे २ टन कार्बन डायऑक्साइडची बचत आणि हिशोब १० वर्षांचा. एकूण ४०,००० टन, म्हणजे टनाला १५० युरो. माल सुगंधी द्रव्यासारखा महागडा पण वर्षाला ५०० टनच असेल, तर हाच आकडा ६०० होतो आणि अर्ज मागे पडतो. थोडक्यात, स्वस्त आणि भरपूर बनणाऱ्या मालाला इनोव्हेशन फंड, महाग आणि थोड्या मालाला सीबीई.

दुसरी अडचण हप्त्यांची. नुसते ठरलेले टप्पे गाठून साधारण ४० टक्क्यांपर्यंतच रक्कम सुटते. उरलेली कार्बन-बचतीशी बांधलेली असते. कबूल केलेल्या बचतीच्या ७५ टक्क्यांखाली गेलात तर अनुदान कापलं जातं. करारानंतर ४ वर्षांत बँका आणि भागीदारांसह सगळा निधी बांधून दाखवावा लागतो. म्हणून खिशात बँकेचं पत्र नसताना या दारात उभं राहू नये.

सीबीई: पैसा कमी, पण सोबत मोठी

सीबीईचा अर्ज वर्षातून एकदा. अलीकडच्या वर्षांत तो एप्रिलमध्ये उघडला आणि सप्टेंबरमध्ये बंद झाला. २०२३ मध्ये २१.५५ कोटी, २०२४ मध्ये २१.३ कोटी, २०२५ मध्ये १७.२ कोटी युरो वाटायला होते. अर्ज बंद झाल्यापासून सही होईपर्यंत सुमारे ८ महिने धरा: ५ मूल्यमापनाचे, ३ कराराचे.

पायऱ्या तीन. प्रयोगशाळेतून बाहेर पडणारं संशोधन तंत्रसज्जतेच्या (तंत्र बाजारासाठी किती तयार आहे, याची १ ते ९ अशी मोजपट्टी) ४-५ पातळीवर संपतं, प्रात्यक्षिक कारखाना ६-७ वर, आणि आपल्या प्रकारचा पहिला व्यापारी कारखाना, ज्याला तिथले लोक 'फ्लॅगशिप' म्हणतात, तो ८ वर. पहिल्या पायरीला १०० टक्के अनुदान. दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर कंपनीला ६०, विद्यापीठाला १००. यातून एक विपरीत आमिष तयार होतं: टक्केवारी चांगली दिसावी म्हणून विद्यापीठांचा वाटा फुगवायचा. परीक्षकांना हे पहिल्या वाचनात कळतं. फ्लॅगशिपमध्ये वजन कारखाना चालवणाऱ्याकडेच असायला हवं.

विषय आधीच ठरलेले असतात आणि ते बीआयसी व युरोपीय आयोग मिळून आखलेल्या संशोधन-पत्रिकेतून येतात. तुमचा माल विषयात बसत नसेल तर ओढूनताणून बसवू नका. पुढच्या वर्षाची वाट पाहा. अर्ज करायला बीआयसीचं सभासदत्व लागत नाही. मात्र भागीदारीत एखादा सभासद असला तर त्याचा खर्च 'उद्योगाचं योगदान' म्हणून मोजता येतो, आणि ते योगदान दाखवणं ही भागीदारीची स्वतःचीच गरज आहे.

इंधन हे मुख्य उत्पादन असेल तर मात्र सीबीई विसरा. इंधन आणि ऊर्जा तिच्या कक्षेबाहेर आहेत. गव्हाच्या काडापासून इथेनॉल काढणाऱ्यानं इनोव्हेशन फंडाकडेच जावं. तिथे जैवइंधन आणि जैवशुद्धीकरण कारखाने स्पष्टपणे बसतात.

हप्त्यांत सीबीई तुलनेनं मऊ. सुरुवातीला आगाऊ रक्कम मिळते. त्यातूनच एकूण अनुदानाचे ५ टक्के सामायिक हमी निधीसाठी बाजूला काढले जातात. आगाऊ आणि मधले हप्ते मिळून गाडी साधारण ९० टक्क्यांवर थांबते. बाकीचं अंतिम अहवाल मंजूर झाल्यावर. ५० लाखांचं अनुदान असलेल्या छोट्या कंपनीचे ५ लाख शेवटी असे अडकतात, नेमके चाचणी उत्पादन चालू असताना आणि रोकड सगळ्यात आटलेली असताना. त्या काळासाठी पदरमोड करायची तयारी आधीच ठेवा.

अनुदान मिळूनही कुठे अडतं

रुमानियात क्रायोव्हाजवळ पोदारी इथे क्लॅरियंट कंपनीनं गव्हाच्या काडापासून इथेनॉलचा कारखाना उभारला. त्याला बीबीआयचा 'लिग्नोफ्लॅग' प्रकल्प आणि त्याआधीच्या कार्यक्रमातून मिळून ४ कोटी युरोंहून जास्त मदत होती. गुंतवणूक १० कोटींहून जास्त. वर्षाला अडीच लाख टन काड, पन्नास हजार टन इथेनॉल. २०२२ मध्ये उत्पादन सुरू झालं आणि डिसेंबर २०२३ मध्ये कारखाना बंद करण्याची घोषणा झाली. ठरलेली कार्यमानं गाठता येत नव्हती आणि तोटा वाढत होता.

अडीच लाख टन काड म्हणजे काय ते डोळ्यांसमोर आणा. वर्षात ३३० दिवस कारखाना चालला तर रोज साधारण ७६० टन. ट्रकमध्ये २० टन धरले तर रोज ३८ ट्रक, आणि हा माल मळणीनंतरच्या काही आठवड्यांतच शेतातून उचलायचा, पावसापासून वाचवत वर्षभर साठवायचा. ऊस गाळपाला आणणाऱ्या साखर कारखान्याच्या शेतकी विभागाला हे दुखणं समजावून सांगावं लागणार नाही. फरक एवढाच की काड हलकं, भरपूर जागा खाणारं, आणि गाठींबरोबर माती-खडे घेऊन येणारं. ते खडे पंप आणि स्क्रू झिजवतात. अनुदानाच्या अंदाजपत्रकात यंत्र असतं. पहिल्या दीड-दोन वर्षांच्या अर्ध्या क्षमतेचा तोटा नसतो.

याउलट नेदरलँड्समधली, वनस्पतींपासून प्लॅस्टिकचा कच्चा माल बनवणारी अव्हांटियम कंपनी. 'पीईफरन्स' प्रकल्पाला बीबीआयचे २.५ कोटी मंजूर होते. सुरुवातीला बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीबरोबरच्या संयुक्त कंपनीनं अँटवर्पला ५०,००० टनांपर्यंतचा कारखाना उभारायचा बेत होता. बीएएसएफ बाहेर पडली. जागा बदलून डेल्फझाइल झाली आणि आकार ५,००० टनांवर आला. मुख्य म्हणजे, अंतिम गुंतवणुकीचा निर्णय घेण्याआधी माल विकत घेण्याचे करार हातात असणं त्यांनी अटच केली होती. त्यानंतर बँका आणि सरकारी गुंतवणूक संस्था मिळून ९ कोटींचं कर्ज उभं राहिलं. प्रकल्प सुरू झाला २०१७ मध्ये, कारखान्याचं उद्घाटन झालं ऑक्टोबर २०२४ मध्ये. सात वर्षं. अर्ज लिहिताना ४८ महिन्यांचा आराखडा काढणाऱ्यांनी ही तारीख भिंतीवर चिकटवावी.

एकट्या छोट्या कंपनीला

भागीदार जमवायला वेळ नाही आणि तंत्र पायलट पातळी ओलांडून गेलं आहे, अशांसाठी ईआयसी ॲक्सिलरेटर. २५ लाखांपर्यंतचं अनुदान पात्र खर्चाच्या ७० टक्क्यांपर्यंत. भागभांडवल २०२५ च्या नियमांनी १ ते १० दशलक्ष, म्हणजे १० लाख ते १ कोटी. आधी छोटा अर्ज आणि ३ मिनिटांची चित्रफीत, मग सविस्तर अर्ज, मग परीक्षकांसमोर मुलाखत. मुलाखतीत रसायनशास्त्रापेक्षा 'पहिला ग्राहक किती किलो, कोणत्या भावानं घेणार' हे जास्त विचारलं जातं. ब्रिटनमधल्या कंपनीला इथे फक्त अनुदान मिळतं, भागभांडवल नाही.

ईसीबीएफ हा लक्झेंबर्गमध्ये नोंदलेला ३० कोटी युरोंचा फंड. त्यात युरोपीय गुंतवणूक बँकेचे १० कोटी आहेत. एका कंपनीत तो साधारण २५ लाख ते १ कोटी घालतो. अहवालांचा जाच कमी, पण ५० लाख घेताना कंपनीचं आधीचं मूल्य २ कोटी धरलं तर पाचवा हिस्सा गेला. निधी गोळा होणं २०२२ मध्येच संपलं आहे. नव्या गुंतवणुकीला किती शिल्लक आहे हे पहिल्याच फोनवर विचारून घ्या.

दोन दारं एकत्र ठोठावता येतात, पण तोच खर्च दोनदा दाखवता येत नाही. सोपा मार्ग म्हणजे खर्चाच्या वह्या पहिल्या दिवसापासून वेगळ्या: प्रक्रिया-संशोधन, चाचण्या आणि कार्बन-जमाखर्चाचा अभ्यास सीबीईत, टाक्या, पाइप आणि बॉयलर इनोव्हेशन फंडात किंवा कर्जात. नंतर वेगळ्या करू म्हटलं तर लेखापरीक्षणात पगाराच्या वेळपत्रकांपाशी गाडी अडते.

पुण्या-नाशिकच्या कंपनीसाठी एवढंच: होरायझनच्या प्रकल्पात भारतीय संस्था भागीदार होऊ शकते, पण तिला निधी आपोआप मिळत नाही, स्वतःचा खर्च स्वतः उचलायची तयारी लागते. इनोव्हेशन फंडात कंपनी कुठली हे गौण आहे, कारखाना महासंघात, नॉर्वेत किंवा आइसलँडमध्ये उभा राहायला हवा. ईआयसीसाठी तिकडे नोंदलेली छोटी-मध्यम कंपनी लागते.