आठ महिन्यांनंतर: कार्बन डायऑक्साइड द्रवीकरण युनिट खरंच किती वीज खातं?

आमच्या फर्मेंटरमधून (आंबवण्याच्या टाकीतून) निघणारा कार्बन डायऑक्साइड, म्हणजे सीओटू, पूर्वी हवेत सोडून द्यायचो. आता तो धुऊन, वाळवून, १८ बारपर्यंत दाबून अमोनियाच्या चिलरवर (थंड करणाऱ्या यंत्रावर) द्रवरूप होतो आणि टाकीत साठतो. (इथले सगळे दाब ॲब्सोल्यूट, म्हणजे निर्वातापासून मोजलेले आहेत.) युनिट घेताना मी कोटेशनमधल्या एकाच आकड्यावर अडून बसलो होतो: द्रव सीओटूच्या टनामागे किती युनिट (किलोवॅट-तास) वीज. आज पुन्हा घ्यायचं झालं तर आधी वेगळेच प्रश्न विचारेन.

तो आकडा खोटा नव्हता, हे आधी सांगतो. वायू १ बारवरून १८ बारवर न्यायला आदर्श स्थितीतही टनामागे सुमारे ४६ युनिट लागतात, प्रत्यक्ष कॉम्प्रेसरला ६५ च्या आसपास. नंतर किलोमागे साधारण ३५० किलोज्यूल उष्णता काढायची, त्यासाठी अमोनियाच्या बाजूला आणखी ५० युनिट. पंप, पंखे, ड्रायर धरून १२५ पर्यंत जातं. पूर्ण लोडवर, शुद्ध वायूवर आमचा मीटरही हेच दाखवतो. पण पहिल्या महिन्याची सरासरी आली १७०!

मी आधी चिलरला दोष देत होतो. खरा चोर निघाली हवा. बॅच सुरू होताना फर्मेंटरमध्ये हवा असते, आणि आम्ही घाईने वायू लवकर वळवत होतो. सीओटू जिथे द्रवरूप होतो त्या कंडेन्सरमध्ये हवा द्रवरूप होत नाही, साठत राहते. शेवटी पर्ज करावीच लागते, म्हणजे व्हॉल्व्ह उघडून बाहेर सोडावी लागते. कंडेन्सरच्या थंड टोकाला तापमान उणे २८ अंश. त्या तापमानाला सीओटूचा बाष्पदाब सुमारे १५ बार. म्हणजे १८ पैकी फक्त ३ बार हवेचे, आणि एक भाग हवा बाहेर काढताना पाच भाग सीओटू सोबत जातो. तोही दाबलेला, वाळवलेला, थंड केलेला. ज्याची वीज भरून झाली, तो माल व्हेंटमधून जात होता. आता शुद्धता ९९ टक्क्यांच्या वर गेल्याशिवाय वायू आत घेत नाही. सुरुवातीचा वायू सोडून द्यायला जीवावर येतं, पण टाकीतल्या टनामागे युनिट कमी झाले. म्हणून हिशेब कॉम्प्रेसरमधून गेलेल्या वायूवर नाही, टाकीत पडलेल्या द्रवावरच करा.

दुसरं गळकं भांडं म्हणजे कमी लोड. स्क्रू कॉम्प्रेसर स्लाइड व्हॉल्व्हवर (क्षमता कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या झडपेवर) अर्ध्या क्षमतेला चालवला तर वीज निम्मी होत नाही, बरीच जास्त राहते. आता वायू आधी फुग्यात (वायू साठवायच्या मोठ्या पिशवीत) साठवतो, मग पूर्ण लोडवर चालवून बंद करतो. यात सर्वांत जास्त फरक पडला. कूलिंग टॉवर आणि अमोनिया कंडेन्सर साफ ठेवणं ही तर फुकटची बचत आहे: कंडेन्सिंग तापमान (अमोनिया ज्या तापमानाला पुन्हा द्रव होतो ते) एक अंश उतरलं की चिलरची वीज दोन-तीन टक्के घटते.

भांडवली खर्चाबद्दल थोडक्यात. वर्षाला ८,००० तास धरून मांडलेला हिशेब ४,००० तासच चालणाऱ्या युनिटला लावला, तर टनामागचा हप्ता दुप्पट होतो. तुमच्याकडे वायू खरोखर किती तास मिळतो ते आधी मोजा, आणि मगच क्षमता ठरवा. आम्ही एक साइज मोठी घेतली, ते आता खटकतं.

एक गोष्ट मात्र अजून बोचते. टाकीतला बराचसा द्रव आम्हीच १० बारवर वायू करून वापरतो, आणि त्यासाठी व्हेपोरायझरला (द्रवाचा वायू करणाऱ्या उपकरणाला) स्टीम देतो. एकीकडे वीज घालून थंडावा बनवायचा, दुसरीकडे स्टीम घालून तो घालवायचा. १० बारला द्रव उणे ४० अंशांवर उकळतो. तेवढ्या थंडाव्यावर १८ बारचा येणारा वायू सहज द्रवरूप होईल. त्यासाठी एक हीट एक्स्चेंजर लागेल. खरेदीच्या वेळी हे कोणी सुचवलं नाही, मीही विचारलं नाही. पुढच्या शटडाउनला तो बसवून घेणार आहे, आणि त्यानंतरचे मीटरचे आकडे इथेच टाकेन.