वर्गकराराचा तयार संच : कोऱ्या पट्ट्या तेवढ्या कामाच्या

वर्गकरार म्हणजे मुलांनी आणि बाईंनी मिळून ठरवलेले, अंगठा लावून मान्य केलेले वर्गाचे नियम. त्याचा हा संच शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात ऑनलाइन मागवला. तीन बाय चार फुटांचा फ्लेक्स, आठ छापील नियमांच्या पट्ट्या, चोवीस कोऱ्या, वेल्क्रो, मार्कर, अंगठ्याची शाई आणि दहा लाल कार्डं. 549 रुपये, पदरचे. माझ्याकडे तिसरी, पट 27, जिल्हा परिषदेची शाळा.

छापील पट्ट्यांचं आधी सांगते. ‘गोंधळ करू नये’, ‘वर्गात पळू नये’, ‘परवानगीशिवाय बोलू नये’. आठातल्या सहा ‘नये’वाल्या. एकीवर चक्क ‘शीस्त पाळावी’ छापलंय, त्याचा शुद्धलेखनाच्या तासाला उपयोग झाला. चित्रातली मुलं टाय-ब्लेझरमध्ये. एका पोराने विचारलं, "बाई, हे नियम ह्यांचे का?" त्याच दिवशी आठही पट्ट्या कपाटात गेल्या.

कोऱ्या पट्ट्यांनी मात्र पैसे वसूल केले. परिपाठ झाला की एक तास, असे चार दिवस आम्ही गोल करून बसलो. पहिल्या दिवशी मुलांनी मला आवडेल तेच सांगितलं: मस्ती करायची नाही, मोठ्यांचं ऐकायचं. दुसऱ्या दिवशी प्रश्न बदलला. ‘वर्गात तुम्हाला राग कशाचा येतो?’ तेव्हा कुठे पोरं बोलती झाली. रांगेत घुसणं, न विचारता पेन्सिल घेणं, चिडवणं, आणि शू लागली तरी सगळ्यांसमोर विचारायला लाज वाटणं. हे शेवटचं इतक्या वर्षांच्या नोकरीत मला कुणी सांगितलं नव्हतं. आता दाराशी दोन बिल्ले टांगलेत, एक मुलींचा, एक मुलांचा. गळ्यात घालायचा आणि जायचं.

चिडवण्यावर अख्खा तास गेला. ‘टोपणनावाने हाक मारायची नाही’ असं लिहायला घेतलं, तर ज्याला सगळे पैलवान म्हणतात तोच उठला. "पैलवान म्हणायचं. ढोल्या म्हणायचं नाही." शेवटी पट्टीवर आलं: ‘ज्याला जे नाव आवडतं त्याच नावाने हाक मारू.’ मला नसतं सुचलं.

एक पट्टी माझ्यासाठीही निघाली: ‘बाई मधल्या सुट्टीत शिकवणार नाहीत.’ आजवर दोनदा मोडली. दोन्ही वेळा सगळ्यांनी नुसतं फ्लेक्सकडे बोट दाखवलं. भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी एक गोष्ट जास्तीची, हेही त्यांनीच ठरवलंय.

लाल कार्डांबद्दल पाकिटावर सूचना आहे, की नियम मोडणाऱ्याचं नाव लिहून कार्ड भिंतीवर लावा. बनवणाऱ्यांनी 2009 चा शिक्षण हक्क कायदा उघडून पाहिलेला दिसत नाही. त्याचं 17 वं कलम मारायलाच नाही, मानसिक छळालाही बंदी घालतं. आठ वर्षांच्या पोराचं नाव दिवसभर भिंतीवर टांगणं हा छळ नाही, हे मला कुणीतरी पटवून द्यावं. कार्डांच्या पाठीवर आम्ही पाढे लिहिले.

अंगठे लावायला मुलं धावत सुटली. रांगेची पट्टी चिकटवून दहा मिनिटंही झाली नव्हती. अर्ध्या जणांनी शाई परस्पर तर्जनीला लावली, "बाई, मतदान केलं!" निवडणुकीच्या ड्युट्या करून मी थकलेय, पण बोटाला शाई लावायची एवढी हौस कुठल्या केंद्रावर पाहिली नाही. दोन दिवस ती शाई निघेना, खिचडी वाढणाऱ्या मावशी माझ्यावरच डाफरल्या.

जुलैत भिंतीला ओल आली तसा वेल्क्रोचा गोंद सुटला आणि पट्ट्या टपाटप खाली. विक्रेत्याला कळवलं, तर उत्तर आलं, ‘दमट हवेत वापरू नये.’ इथेही नये! पावसाळ्यात शाळा बंद ठेवू की काय? पुसता येतो म्हणून जाहिरात केलेला मार्करही पक्का निघाला. दिवाळीनंतर पोरांना एखादा नियम बदलायचा झाला, तर पूर्ण पट्टी नवी लिहावी लागणार.

पाचपैकी अडीच तारे, तेही कोऱ्या पट्ट्यांना. पुढच्या वर्षी कार्डशीट, सुतळी आणि कपड्यांचे चिमटे आणणार. गावातल्या दुकानात शंभराच्या आत काम होतं. छापील आठ पट्ट्या अजून कपाटात आहेत, कुणाला हव्या असतील तर घेऊन जा. ‘शीस्त’वाली मात्र मी ठेवून घेणार आहे.