पु.ल. गार्डन: बाग साडेचार स्टार, आणि ओकायामाचं काय ते वाचा

सिंहगड रोडच्या पु.ल. गार्डनबद्दल कुणालाही विचारा, "फोटो मस्त येतात" एवढंच सांगतात. येतातच, वाद नाही. पण या बागेचं दुसरं नाव पुणे-ओकायामा मैत्री उद्यान आहे, हे निम्म्या पुणेकरांना माहीत नसेल आणि ओकायामा कुठे आलं हे तर विचारूच नका. ओसाका आणि हिरोशिमाच्या मधलं शहर आहे ते, आणि तिथली कोराकुएन ही जपानच्या तीन नावाजलेल्या बागांपैकी एक. आपली १० एकरांची बाग तिच्यावरूनच केलीये. कोराकुएन पूर्ण झाली १७०० साली, म्हणजे राजाराम महाराज सिंहगडावर वारले तेच वर्ष! योगायोगच, पण सिंहगड रोडला उभं राहून आठवलं की जरा गंमत वाटते.

आता मुद्द्याचं. दोन शहरांचे मैत्री करार म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं, महापौर, हार, शाल, ग्रुप फोटो, पेपरात पाचव्या पानावर बातमी आणि मग सगळं गार. मुंबईचं योकोहामाशी १९६५ पासून नातं आहे, आणि योकोहामाच्या महापालिकेने २०१५ ला मुंबईत चक्क ऑफिस टाकलं, इकडच्या कंपन्यांनी तिकडे यावं म्हणून. धंद्याच्या हिशेबाने एकदम करेक्ट, माझा काही आक्षेप नाही, पण दादरच्या आजोबांना त्याचा काय उपयोग सांगा बरं? पुण्यात तिकीट काढलं की आजोबांना ती मैत्री पायाखाली लागते, म्हणून मला हे मॉडेल जास्त पटतं.

बाग बघायची एक पद्धत आहे. आपल्याला सवय काय, की गेटातून आत गेलं की मधोमध कारंजं, दोन्ही बाजूंना सरळ वाफे, एका नजरेत विषय संपला. इथे वाट मुद्दाम वळवत नेलीये, त्यामुळे पुढचं काहीच आधी दिसत नाही, टेकाडाला वळसा घातला की एकदम तळं, अजून थोडं पुढे गेलं की पूल. पाणी कालव्याचं घेतलंय आणि ते ओढ्यासारखं वाहत जातं, त्यात टाकलेल्या दगडांवरून जाताना मान आपोआप खाली जाते, मोबाईल बघत चालणारा पण तिथे मोबाईल खिशात टाकतो. मागे पर्वतीचा डोंगर आहे तो पण बागेचाच भाग वाटतो. कोराकुएनमध्ये पण हीच युक्ती आहे, बागेबाहेरचा काळा किल्ला आणि मागची टेकडी देखाव्यात ओढून घेतलीये. आपल्याला डोंगर आयताच मिळाला.

हिरवळीवर पाय ठेवायचा नाही, ठेवलात की शिट्टी. यावरून बरेच जण कुरकुरतात, लहान मुलं घेऊन आलेले तर जास्तच. मी शिट्टीच्या बाजूने. ज्याला लोळायचंय त्याने संभाजी बागेत जावं ना.

माझी मावसबहीण अमेरिकेत सॅन होजेला असते, तिच्याकडे गेलो होतो तेव्हा तिने तिथल्या 'केली पार्क'मधली जपानी बाग दाखवली, आणि मी बघतच राहिलो कारण वळणं ओळखीची! ती पण कोराकुएनवरूनच केलेली, १९६५ ची. ओकायामा आणि सॅन होजे १९५७ पासून सिस्टर सिटी, म्हणजे मैत्री करारातली शहरं, तिथल्या तळ्यातले पहिले कोई नावाचे रंगीत मासे पण ओकायामाहून आलेले, आणि सॅन होजे १९९२ पासून पुण्याची पण सिस्टर सिटी. म्हणजे आम्ही सगळे एकमेकांचे नातेवाईक निघालो की! बहीण तिथे इतकी वर्षं राहून तिला हे ठाऊक नव्हतं. आकाराने आपली बाग मोठी आहे, हे तिला लगेच सांगून टाकलं, पुणेकर असल्याचं कर्तव्य म्हणून.

पुण्यात जपानी शिकणारी ढीगभर पोरं आहेत, चाकण-रांजणगावला जपानी कंपन्या आहेत, मग क्लासवाल्यांनी एखादा तास इथेच का घेऊ नये? झाडाखाली बसून नाही हो, चालत चालत. आणि पुलं स्वतः जपान फिरून त्यावर लिहून गेलेत, त्यामुळे बागेला त्यांचं नाव शोभतं.

बाग सकाळ-संध्याकाळ उघडी, दुपारी बंद, तेव्हा वेळ बघूनच निघा. रविवारी संध्याकाळी तर जाऊच नका, तिकिटाला रांग आणि गाडी लावायला जागा शोधताना अर्धा मूड जातो. पावसाळ्यात वीकडेला सकाळी लवकर गेलात तर पैसे वसूल. बाहेरच्या गाड्यांवर कणीस खा, भेळ मात्र आम्हाला मिळाली ती चिंचेचं पाणीच होती.