बोर्डो पेस्ट: डिंक्या लागलेल्या मोसंबीला लावून पाहिली

जालन्यात राहायचं अन् दारात मोसंबी नाही, हे बरं दिसत नाही म्हणून एसटीतून रिटायर झाल्यावर एक कलम लावलं. आठव्या वर्षी खोडातून डिंक गळायला लागला, पानं शिरांपासून पिवळी पडली. शेजारी म्हणाले, खोडकिडा. एका दुकानदारानं झाड न बघताच कीटकनाशक अन् 'टॉनिक' गळ्यात मारलं. दोन्ही फवारलं, डिंक चालूच.

मग अंबडकडचा मेहुणा आला. चहाही न घेता बुंध्याशी उकिडवा बसला. भोक नाही, भुसा नाही, मग किडा कुठला? चाकूनं साल उचलली तर आतलं लाकूड तपकिरी. "दाजी, ही बुरशी आहे, फायटोफ्थोरा. अन् कलमाचा जोड कुठंय?" जोड मातीच्या वर उघडा हवा, इथं तो मातीत गाडलेला! दरसाल बुंध्याला माती मीच चढवत होतो. वर बाथरूमचं पाणी तिथंच सोडलेलं, अन् आपली काळी माती ते धरून ठेवणारी.

उपाय बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट) अन् चुन्याची पेस्ट. मोरचूद शंभर ग्रॅम, कळीचा चुना शंभर ग्रॅम, पाणी सगळं मिळून 1 लिटर. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यात भिजवायचं, पत्र्याची बादली चालत नाही. चुना विरताना चांगलाच तापतो, तोंड लांब ठेवा. एकत्र केल्यावर लोखंडी खिळा बुडवला, तर त्याला तांबूस रंग चढला. म्हणजे चुना कमी. अजून थोडा घातला, खिळा कोरा निघाला. मग जोड उघडा केला, सडकी साल निरोगी सालीपर्यंत खरवडून जाळली, अन् अडीच फुटांपर्यंत ब्रशनं पेस्ट लावली. मुळांशी मेटालॅक्झिल-मँकोझेब हे बुरशीनाशक पुड्यावरच्या मात्रेनं ओतलं.

पेस्टला पाचपैकी चार गुण देतो. एक कापला, कारण त्याच दिवशी संपवावी लागते, उरलेली फुकट. धोतरावरचा निळा डाग अजून गेला नाही, त्यावरून घरात बोलणी वेगळीच. पहिला हात भर जुलैत दिला तो पावसानं धुऊन नेला, पण ती चूक माझी. आता मेच्या शेवटी अन् ऑक्टोबरात लावतो. तयार पावडरही मिळते, ज्याला बाग आहे त्यानं घ्यावी.

पश्चिमेची फांदी वाचली नाही, कापली. बाकी झाडानं यंदा आंबे बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्याची) सत्तावीस फळं धरलीत. बाथरूमचा पाइप केळीकडं वळवलाय.