मिरकरवाड्यातले ताडपत्रीवाले चाचा आणि माझ्या होडीचं शीड

रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराकडे उतरताना ताडपत्री आणि दोराचं एक छोटं दुकान लागतं. पाटी पुसट झाली आहे, पण बाहेर निळ्या ताडपत्रीचे गठ्ठे रचलेले असतात, त्यामुळे चुकत नाही. ट्रॉलरची छतं आणि पावसाळी आच्छादनं शिवणं हा तिथल्या चाचांचा रोजचा धंदा. माझ्या होडीचं मुख्य शीड त्यांनी नीट करून दिलं आणि त्याच शिडावर मी दाभोळहून कोचीला जाऊन परत आले. कोकणात आता शिडाच्या होड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि शीड शिवणारे त्याहून कमी. कुणाला गरज पडली तर पत्ता माहीत असावा.

लोटे एमआयडीसीत मी सोळा वर्षं इन्स्ट्रुमेंटेशनचं काम केलं. 2018 मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी ‘तारिणी’ या शिडाच्या होडीवरून पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून गोव्यात परतल्या, तेव्हापासून हे मनात होतं. अखेर वर्षभराची बिनपगारी रजा मिळाली आणि साठवलेल्या पैशातून 26 फुटी जुनी फायबरची होडी घेतली. आईने एकच विचारलं, ‘‘परत आल्यावर नोकरी असेल ना गो?’’ त्याचं पत्र माझ्याकडे होतं. शीड मात्र बारा वर्षांचं होतं.

मुंबईत एका ठिकाणी ते दुरुस्तीला दिलं होतं. तिथे फाटलेल्या जागी भलतंच ताणलं जाणारं नायलॉनचं कापड लावून दिलं. शीड डेक्रॉनचं, म्हणजे न ताणणाऱ्या पॉलिस्टरचं. त्यावर नायलॉनचं ठिगळ म्हणजे वारा भरला की तेवढाच भाग फुगणार आणि कडेची शिवण उसवणार. पहिल्याच चाचणीत तसंच झालं. पैसे गेले, महिनाही गेला.

मग हर्णैच्या एका तांडेलाने, म्हणजे मासेमारी होडीच्या प्रमुखाने, चाचांचं नाव सुचवलं. चाचांनी शीड जमिनीवर पसरलं आणि शिवणीवरून अंगठ्याचं नख ओढत गेले. दोरा भुकटी होऊन निघाला. ‘‘कापड अजून दोन-तीन वर्षं जाईल, ताई. दोरा मेलाय. उन्हात आधी दोरा मरतो, तो वर उघडा असतो ना.’’ मी फक्त फाटलेली जागा दाखवायला गेले होते. लहानपणी त्यांनी वडिलांबरोबर मचव्यांची सुती शिडं दाभणाने, मेण लावलेल्या दोऱ्याने शिवली आहेत. आता झिगझॅग मशीन आहे, पण कोपऱ्यांना अजून दाभणच लागतं.

त्यांनी विचारलं, परत कधी येणार? मी म्हटलं, एप्रिलमध्ये. तर म्हणाले, मग तिसरी रीफ घातल्याशिवाय शीड देत नाही. रीफ म्हणजे वारा वाढला की शीड थोडं खाली घेऊन, बांधून लहान करायची सोय.

यामागचं कारण सांगते, कारण कोकण किनाऱ्यावर लांब जाणाऱ्या प्रत्येकाला ते लागू आहे. दाभोळ ते कोची म्हणजे अक्षांशात साडेसात अंशांहून जास्त. एका अंशाला 60 नॉटिकल मैल (एक म्हणजे सुमारे 1.85 किलोमीटर) धरले तरी साडेचारशेच्या वर. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून मतलई वारा येतो, दुपारनंतर वायव्येचा खारा वारा. दक्षिणेकडे जाताना तो पाठीवर असतो, जुनं शीडही चालून जातं. परतताना तोच तोंडावर, आणि एप्रिलमध्ये दुपारचा जोर वाढलेला. शिडाला पोट आलं असेल तर होडी वाऱ्याकडे चढत नाही, नुसती कलते आणि बाजूला सरकते. मे अर्ध्यावर येईपर्यंत थांबायची तर सोयच नाही. ‘तौक्ते’ चक्रीवादळ 2021 च्या मे महिन्यातच याच किनाऱ्यावरून वर गेलं होतं.

चाचांनी सगळ्या शिवणी नव्या दोऱ्याने दुहेरी मारल्या, डोलकाठीच्या आडव्या दांड्यांवर शीड घासतं तिथे जादा पट्टी लावली, शिडाची डोलकाठीकडची कड आत घेऊन पोट कमी केलं आणि तिसरी रीफ घातली. डेक्रॉन ते ठेवत नाहीत, मी मागवून दिलं. शिलाईचे 14,200 रुपये घेतले.

मालवणला नांगर खडकात अडकला. पहाटे चारला निघायचं ते नऊ वाजले. देवगडच्या अलीकडे दुपारी वायव्येचा वारा 25 नॉटच्या (ताशी सुमारे 46 किलोमीटर) पुढे गेला, लाटा आखूड आणि उभ्या. मी आणि मावसभाऊ, दोघंच. तिसरी रीफ घेतली आणि होडी सरळ उभी राहिली. तेवढ्याशा कापडावर आम्ही तिरके तिरके चढत संध्याकाळी देवगडच्या बंदरात शिरलो. नांगर टाकल्यावर मी आधी चाचांना फोन लावला. त्यांनी उचलला नाही.

ही त्यांची तक्रार करण्यासारखी गोष्ट आहे. फोन उचलत नाहीत, जावंच लागतं. सांगितलेल्या तारखेहून नऊ दिवस उशीर केला. शिडाचा आकार ताठ ठेवणाऱ्या पट्ट्यांचे दोन खिसे इतके घट्ट शिवले होते की पट्टी आत जाईना, ते उसवून परत करून घ्यावे लागले. त्याचे पैसे घेतले नाहीत. मे महिन्यात आणि जुलैच्या अखेरीस जाऊ नका. पावसाच्या तोंडावर सगळ्यांना ताडपत्र्या हव्या असतात, आणि 1 ऑगस्टला मासेमारी सुरू होते म्हणून ट्रॉलरवाले रांगेत असतात. सप्टेंबर चांगला. शीड नेताना धुऊन न्या, मिठाचं कापड मशीनखाली घेत नाहीत.

परत आल्यावर शीड त्यांच्याकडे घेऊन गेले. त्यांनी पुन्हा जमिनीवर पसरलं, पुन्हा नख ओढत गेले. एकही टाका सुटला नाही. फक्त अगदी वरच्या टोकाला, जिथे ऊन सगळ्यात जास्त लागतं, एका शिवणीवर थोडा भुगा आला. तिथे खडूने खूण केली आणि शीड घडी करून फळीवर ठेवलं. सध्या ते तिथेच आहे.