चोर्ल्याखालचं पाणी की पाकिटातलं मीठ?

खानापूरच्या भाच्यानं समुद्री मत्स्यालयासाठी ६० लिटरची टाकी आणली. आता विचारतोय, "मामा, प्रवाळांसाठी चोर्ला घाट उतरून गोव्याचं समुद्राचं पाणी आणू की मत्स्यालयाचं पाकिटातलं समुद्री मीठ कालवू?"

खर्चाचं म्हणशील तर समुद्र फुकट, पेट्रोल नाही. मीठ लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास, पण आरओचंच पाणी हवं. नळाच्या पाण्यात क्लोरीन, बोअरच्यात बहुतेकदा नायट्रेट. ते शेवाळाला खतच.

खरी गोम भरवशाची. पावसाळ्यात मांडवी-जुवारी गढूळ गोडं पाणी समुद्रात ओततात, किनाऱ्यालगतचा खारटपणा उतरतो. मी एकदा जुलैत कॅन भरून आणले. रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारटपणा मोजायच्या यंत्रावर, विशिष्ट घनता १.०२५ हवी, दिसली १.०१६. शेवटी त्यात मीठच घालावं लागलं की! वर डिकीला आठवडाभर मासळीबाजाराचा वास.

कष्ट? दर आठवड्याला सहा लिटर बदलायचे, त्यासाठी घाट कोण उतरणार! मीठ आदल्या रात्री छोटा पंप लावून ढवळत ठेवलं की झालं.

हिवाळ्यात-उन्हाळ्यात गोव्याला फेऱ्या होतच असतील, तर नदीच्या मुखापासून लांब, भरतीला पाणी भर. किनाऱ्यावरचं प्रवाळ मात्र उचलू नकोस, कायद्यानं संरक्षित आहे. बाराही महिने प्रवाळ जगवायचे असतील, तर मीठच घे.